पुरेशा वजनाची प्रौढ व्यक्ती

रिक्षाच्या मागे एक हूक बसवून घ्यायचा, एवढंच माझं म्हणणं होतं. हूक म्हणजे काय, तर एक वाकवलेलं लोखंड. त्यात ट्रेलरची कडी अडकवायची, की रिक्षा पुढे आणि ट्रेलर मागे. अर्ध्या दिवसाचं काम. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं की माझ्या चौदा महिन्यांच्या लेकीलाही ते पाठ झालं असावं, कारण तिने उच्चारलेला तिसरा शब्द 'हूक' होता. पहिले दोन 'नको' आणि 'आजी'. 'आई' अजून यायचाय. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगते.

रिक्षा आमची घरची. मामेसासऱ्यांनी चालवायचं सोडल्यावर ती आमच्या अंगणात येऊन उभी राहिली आणि लेकीच्या लशींच्या फेऱ्यांसाठी मी ती शिकले. नवरा शिकला नाही. तो विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतो, त्यामुळे कुठलंही वाहन पाहिलं की त्याला ते आधी उलटलेलंच दिसतं. तो मागे बसतो आणि वळण आलं की माझ्या सीटची दांडी धरतो. घरात घाबरट म्हणून माझी ख्याती असली तरी दांडी कोण धरतं, हे एकदा लिहून ठेवायला हवं होतं.

तर मला खेळण्यांचं फिरतं वाचनालय काढायचं होतं. मुलं पुस्तकं घरी नेतात तशी खेळणी न्यायची, आठवड्याने परत आणायची. कॉलेजात बालमानसशास्त्र शिकले होते, बाळंतपणापासून ते कपाटात घडी घालून ठेवलं होतं. एका संस्थेच्या पाच बालवाड्या होत्या आणि त्या सगळ्यांवर एक मोठ्या बाई होत्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कल्पना चांगली आहे. सोमवारी सकाळी दहाला खेळणी दारात दिसू देत. नाही दिसली तर तो तास मी नाचाच्या सरांना देते. ते नुसते येतात. त्यांना काही आणावं लागत नाही."

हातात आठ दिवस होते. खेळणी दोनशे बारा, सगळी धुऊन वाळवलेली. रिक्षात मावतील, पण मग लेक मावणार नाही. आणि लेकीला मी बरोबर नेणार होते, हे पक्कं होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मला सांगायची नाही. सासूबाई म्हणाल्या होत्या, "पोरीला माझ्याकडे ठेव. तू जा निवांत."

मी म्हटलं, "नको आई, ती माझ्याबरोबरच येईल."

एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण मी शिकलेली बाई, कारणं दिल्याशिवाय राहवेना. चार कारणं दिली. त्यातलं एक बिस्किटाच्या तुकड्याच्या आकाराबद्दल होतं. सासूबाईंनी चारही ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "बरं." सासूबाईंचं 'बरं' ऐकलं की पुढचे तीन दिवस घरात भांडी आवाज न करता घासली जातात. त्यांनी एक नवरा, एक मुलगा आणि दोन दीर वाढवले होते, आणि मी त्यांना बिस्किटाचं माप शिकवलं होतं.

ट्रेलर मिळाला तो एका आइसक्रीमवाल्याचा. लोखंडी पेटी, दोन चाकं, पुढे लांब दांडा आणि त्याच्या टोकाला कडी. दोन्ही बाजूंना हातभर उंचीचा कोन रंगवलेला, वर गुलाबी गोळा. रंग काढायला वेळ नव्हता. राहू दे म्हटलं, मुलांना आवडेल. या 'राहू दे'चा हिशेब पुढे चुकवावा लागला.

ट्रेलर अंगणात येतो न येतो तोच शेजारचे गार्डकाका कुंपणाशी हजर झाले. काका रेल्वेत गार्ड होते. उभं आयुष्य त्यांनी शेवटच्या डब्यात काढलं, म्हणजे इतर लोक जग समोरून येताना बघतात, काकांनी ते कायम मागे जाताना पाहिलं. त्यामुळे त्यांचा कुठल्याच इंजिनावर विश्वास नाही.

"सूनबाई, पुढचा माणूस काय करतो त्याला महत्त्व नसतं," ते म्हणाले. "मागचा काय बघतो ते महत्त्वाचं. तुझ्या गाडीला मागचा माणूस कोण?"

"काका, ती रिक्षा आहे."

"डबा जोडलास की ती गाडी झाली. लाल झेंडी हवी. आणि हुकाशेजारी साखळी. हूक तुटला तर साखळी धरेल."

"आणि साखळी तुटली तर?" नवऱ्याने विचारलं. हा प्रश्न त्याला पगारात मिळतो.

"मग शिटी," काका म्हणाले.

साखळीचा मुद्दा मला मनापासून पटला. खरं तर तो माझ्या यादीत होताच. माझ्याकडे 'काय काय होऊ शकेल' अशी एक वही आहे. नवरा तिची चेष्टा करतो, पण कार्यालयात हेच काम तो दिवसभर करतो आणि त्याला स्वतंत्र टेबल आहे.

मंगळवारी दुपारी वेल्डर माप घ्यायला आला. नेमकी लेकीची झोपेची वेळ. आमची लेक दुपारी पलंगावर झोपत नाही, पाळण्यात नाही, खांद्यावर नाही. ती रिक्षाच्या मागच्या सीटवर आजीच्या मांडीवरच झोपते. रिक्षा उभी असली तरी चालते, आजी मात्र हवी. हे मी डॉक्टरांनाही विचारलं होतं. ते म्हणाले, "झोपतेय ना?" आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

वेल्डरने टेप काढला आणि त्याचा कर्रकन आवाज झाला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने टेप खिशात ठेवला आणि सुतळी काढली.

"ताई, गाडी जरा पुढे घ्यायला लागेल," तो कुजबुजला.

"नाही घेता येणार."

"मग आजींना तरी खाली..."

"त्यांना तर हलवताच येणार नाही."

पंचवीस वर्षं लोखंड बडवणारा तो माणूस अंगणात पोटावर पडला आणि रिक्षाखाली शिरून, श्वास रोखून, सुतळीने माप घेऊ लागला. मी आकडे बोटांनी दाखवत होते, गार्डकाका कुंपणापलीकडून झेंडीसारखा रुमाल हलवून 'अजून झोपली आहे' अशी खूण करत होते, आणि सासूबाई या सगळ्याच्या वर, मागच्या सीटच्या मधोमध, नातीला घेऊन डोळे मिटून बसल्या होत्या. वेल्डरने चॅसीपासून किती खाली हूक यायला हवा ते कागदावर लिहून घेतलं. जमिनीवर बसूनच त्याने मला सगळं समजावलं. रिक्षाखाली एक उभी चौकोनी नळी बसवायची. तिच्यात वरून हुकाचा दांडा. नळीला आणि दांड्याला आरपार एक भोक, त्यात पिन. पिन काढली की हूक निघतो. ही माझीच अट होती. लेक चालायला लागली होती आणि त्या हुकाची उंची बरोबर तिच्या कपाळाइतकी होती.

"जोडकाम माझ्या दुकानात करीन," वेल्डर म्हणाला. "इथे ठिणग्या उडाल्या तर तुम्ही मलाच उडवाल."

बुधवारी संध्याकाळी त्याने हूक आणून बसवला. कागदावरच्या मापाशी केसाइतकाही फरक नव्हता. मी पिन घालून पाहिली, काढून पाहिली. आपण काहीतरी पुरं केलं, असं फार दिवसांनी वाटलं.

गुरुवारी चाचणी. सासूबाई लेकीला घेऊन घरात होत्या, काडीसारखा नवरा मागे बसला, खेळणी ट्रेलरमध्ये, गार्डकाका सायकलवर मागून. ट्रेलरची कडी हुकात गेली खरी, पण ट्रेलर थोडा नाक वर करून उभा राहिला, फोटोला उभ्या राहिलेल्या माणसासारखा. मी म्हटलं, चालायला लागला की सरळ होईल. नवऱ्याकडे पाहून मी हेच वाक्य लग्नाच्या वेळीही मनात म्हटलं होतं.

पहिल्या वळणापर्यंत सगळं ठीक. मग चढ आला. नाक वर असलेल्या ट्रेलरमधली खेळणी हळूहळू मागे सरकली, मागच्या झाकणावर रेलली, आणि झाकणाची खिट्टी त्यांच्या ओझ्याने निघाली. मला काहीच कळलं नाही. मला शिटी ऐकू आली. रिक्षाच्या आवाजात ती कुठून येते ते कळेना, म्हणून मी सावधपणे पुढे जात राहिले. तिसऱ्या शिटीला आरशात पाहिलं, तर अख्ख्या रस्त्यावर लाकडी ठोकळे पडले होते, एकेक, सारख्या अंतराने, जणू मी ते पेरत आले होते. त्यामागे गार्डकाका झेंडी धरून उभे होते आणि त्यांच्यामागे चार मोटारी, एक दूधवाला आणि कोन पाहून धावत आलेली सात-आठ मुलं.

"स्ट्रॉबेरी आहे?" एका मुलीने विचारलं.

"नाही ग. ठोकळे आहेत."

तिने माझ्याकडे पाहिलं. मोठी माणसं कशी असतात याबद्दल तिचं त्या दिवशी जे मत झालं असेल, ते आता बदलायचं नाही.

दोनशे बारातली दोनशे नऊ मिळाली. अंगणात परत आल्यावर बैठक भरली. नवरा म्हणाला, टायरमध्ये हवा जास्त आहे. काका म्हणाले, मुळात रूळच नाहीत. वेल्डरला बोलावून आणलं. त्याने आपला कागद काढला, टेप लावला आणि पुन्हा एकदा लावला.

"हूक बरोबर आहे," तो शेवटी म्हणाला. "गाडी वाढलीय."

"म्हणजे?"

"तीन बोटं. मंगळवारी एवढी उंच नव्हती."

मी वेल्डरकडे पाहिलं, वेल्डरने रिक्षाकडे. गाडी वाढते, हे नवऱ्याने मनातल्या मनात दाव्याच्या फॉर्मवर लिहून पाहिलं असावं, कारण त्याने मान हलवली. तेवढ्यात सासूबाई लेकीला कडेवर घेऊन बाहेर आल्या. झोपेची वेळ झाली होती. आमच्या बैठकीकडे न बघता त्या रिक्षात चढल्या आणि सीटच्या मधोमध बसल्या.

रिक्षाच्या जुन्या स्प्रिंगा करकरल्या. हूक आम्हा चौघांच्या डोळ्यांदेखत तीन बोटं खाली आला आणि ट्रेलरच्या कडीसमोर अगदी बरोब्बर थांबला.

काही गोष्टी सगळ्यांना एकदम कळतात आणि म्हणूनच कोणाला सांगता येत नाहीत. शेवटी नवऱ्याने धीर केला. "आई, जरा उठतेस?"

सासूबाई उठल्या. हूक वर.

"बस."

बसल्या. हूक खाली.

"अजून एकदा..."

"उठाबशा का काढायला लावतोयस मला या वयात?" त्या म्हणाल्या. "आणि तो खाली आडवा पडलेला माणूस काय बघतोय?"

"काही नाही आजी," वेल्डर रिक्षाखालून म्हणाला. "तुमचं माप हुकात आलंय."

उपाय सोपा होता. नळीला तीन बोटं खाली आणखी एक भोक पाडायचं, हूक खाली सरकवून तिथे पिन घालायची. दहा मिनिटांचं काम. पण वेल्डरच्या गल्लीतली वीज शनिवारपर्यंत बंद होती आणि शुक्रवारी परिवहन कार्यालयात तपासणी होती. शुक्रवार हुकला असता तर सोमवार गेला असता, आणि मग पाचही बालवाड्यांमध्ये नाच.

परिवहन कार्यालयाचं गणित मी आधीच चौकशी करून घेतलं होतं. ट्रेलर जोडून रस्त्यावर आणायला परवाना लागतो. परवान्यासाठी ट्रेलर जोडलेल्या अवस्थेत दाखवावा लागतो. कार्यालय आमच्या घरापासून दोन रस्ते पलीकडे आहे. गुरुवारच्या चाचणीबद्दल मी तिथे अर्थातच काही बोलणार नव्हते.

"मग आणायचा कसा?" मी खिडकीतल्या कारकुनांना विचारलं होतं.

"वेगवेगळा आणा. इथे आत जोडा."

"आणि इथवर?"

"तो प्रश्न कार्यालयाच्या फाटकाबाहेरचा आहे, मॅडम."

तर शुक्रवारी सकाळी मिरवणूक निघाली. पुढे रिक्षा. ती चालवायला मामेसासऱ्यांना बोलावलं होतं. मागे सासूबाई, कारण त्यांच्याशिवाय आता गाडीला अर्थ नव्हता. त्यांच्यामागे मी, हाताने ट्रेलर ओढत. नवरा मागून ढकलत. आणि लेक? लेकीने आजीच्या मांडीवरून ट्रेलर पाहिला आणि असा आकांत मांडला की तिला ट्रेलरमध्ये ठेवावं लागलं. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलं होतं, 'बाळ ट्रेलरमध्ये कधीही, कोणत्याही परिस्थितीत नाही.' बाळ ट्रेलरमध्ये उभं राहून, रंगवलेल्या गुलाबी गोळ्याच्या वर डोकं काढून, दुतर्फा लोकांना हात करत होतं. मी पदवीधर बाई तो कोन ओढत होते. माझ्या कॉलेजच्या प्राध्यापक बाई समोरून आल्या. त्यांनी ओळखलं नाही, किंवा चांगल्या स्वभावाच्या असल्यामुळे तसं दाखवलं.

खिडकीशी फॉर्म भरताना पहिली अडचण आली. 'चाकांची एकूण संख्या' या रकान्यात पर्याय होते: दोन, तीन, चार, सहा व अधिक.

"तीन आणि दोन पाच," मी म्हटलं. "पाच कुठे लिहू?"

"पाच चाकांची गाडी नसते," कारकून म्हणाले.

"बाहेर उभी आहे."

"असेल. फॉर्ममध्ये नाही."

"स्टेपनी धरली तर सहा होतात," नवरा म्हणाला. त्याला कार्यालयांची भाषा येते.

"स्टेपनी जमिनीला टेकते?"

"नाही."

"मग ते चाक नाही, सामान आहे." त्यांनी विचार केला. "ट्रेलर हे वाहन आहे की सामान?"

"सामान," मी घाईने म्हटलं.

"सामानाला चाकं कशी?"

"बॅगेला असतात ना."

ते त्यांना पटलं असावं, कारण त्यांनी रिक्षाची तीन चाकं भरली आणि समोर 'चाकांच्या सामानासह' असं लिहिलं. मग उठून खिडकीतून बाहेर डोकावले आणि परत येऊन बसले. "खाद्यपदार्थ विक्रीचा परवाना?"

"आम्ही खाद्यपदार्थ विकत नाही."

"चित्र आहे."

"चित्रच आहे फक्त."

"मॅडम, उद्या कोणी भिंतीवर वाघ काढला तर मला वनखात्याला कळवावं लागेल," ते म्हणाले. हे तर्कशास्त्र मला आजवर उलगडलेलं नाही, पण नवऱ्याने शांतपणे खिशातून जुनं वर्तमानपत्र काढलं आणि दोन्ही कोनांवर चिकटवलं. आमचं समाधान झालं नाही, त्यांचं झालं.

मग तपासणी अधिकारी बाहेर आले. उंच, सडपातळ, बोलण्यापेक्षा लिहिणारे. साहेब आले म्हणून सासूबाई अदबीने रिक्षातून उतरल्या. हूक तीन बोटं वर.

"उंची जुळत नाही," साहेब म्हणाले आणि लिहू लागले.

"साहेब, एक मिनिट," मी म्हटलं. "आई, बसा ना."

"मोठ्या माणसांसमोर बसून कसं राहायचं?"

"आई, बसा."

माझ्या आवाजात काय होतं मला माहीत नाही. इतक्या दिवसांत मी त्यांच्याकडे पहिल्यांदा काही मागत होते. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, लेकीला माझ्याकडून घेतलं आणि चढून बसल्या. हूक खाली. कडी आत. साखळी लागली.

साहेबांनी वाकून पाहिलं, टेप लावला, पुन्हा वाकले. "या बाई गाडीचा भाग आहेत का?"

"हो," मी म्हटलं.

"कायम?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या रस्त्याकडे बघत होत्या, पण कान इकडे होते. "येतील का ते त्यांना विचारायला हवं," मी म्हटलं. "मी विचारलं नव्हतं."

"आता विचारते आहेस का?" सासूबाई रस्त्याकडे बघतच म्हणाल्या.

"हो."

"रोज?"

"पाच दिवस. सुट्टी सोडून."

"आणि बिस्किटं?"

"तुम्हाला वाटेल तेवढी द्या."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. हे 'बरं' मी याआधी ऐकलेलं नव्हतं.

साहेब लेखणी टेकवून थांबले होते. "मागील आसनावर एक प्रौढ व्यक्ती असणे आवश्यक. वजन किती लिहू?"

कार्यालयाच्या अंगणात रांगेतली वीसेक माणसं होती. सासूबाईंनी साहेबांकडे असं पाहिलं की त्या सडपातळ माणसाने लेखणी उचलली.

"मी तुम्हाला तुमचं विचारलं का?" त्या म्हणाल्या.

साहेबांनी थोडा वेळ कागदाकडे पाहिलं आणि लिहिलं: 'अट क्रमांक एक. मागील आसनावर पुरेशा वजनाची प्रौढ व्यक्ती असल्याखेरीज ट्रेलर जोडू नये. अट क्रमांक दोन. हुकाच्या रचनेत कोणताही बदल केल्यास परवाना रद्द समजावा.' शिक्का बसला. वेल्डरचं दहा मिनिटांचं काम आता बेकायदा झालं होतं.

सोमवारी दहाला पाच मिनिटं असताना आम्ही पहिल्या बालवाडीच्या फाटकाशी होतो. मोठ्या बाई घड्याळ बघत उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी एक सडसडीत गृहस्थ, हात मोकळे, वाट बघत. आम्हाला पाहून ते चांगल्या मनाने हसले आणि निघून गेले. मला त्यांच्याबद्दल अजून थोडं अपराधी वाटतं.

पुढचे सहा आठवडे सुरळीत गेले, आणि सुरळीत गोष्टींवर लिहिण्यासारखं काही नसतं. सासूबाईंनी नोंदवही ताब्यात घेतली. कोणी ठोकळा परत आणला नाही तर त्या मुलाला रागवत नाहीत, त्याच्या आजीला निरोप पाठवतात. ठोकळा दुसऱ्या दिवशी येतो. परवान्याची प्रत त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावली आहे. घरात कोणी त्यांना कसला सल्ला द्यायला गेलं की त्या तिकडे बोट दाखवतात. "मी पुरेशा वजनाची प्रौढ व्यक्ती आहे. सरकारी शिक्का आहे."

एक बारीक गोष्ट मी वहीत टिपून ठेवली होती. दुसऱ्या आठवड्यात त्या औषधं आणायला म्हणून गेल्या आणि बाहीला काळा डाग घेऊन आल्या. "दाराच्या बिजागरीचं लागलं," म्हणाल्या आणि तेल चोळत बसल्या. दुसऱ्या दिवशी मी घरातल्या सगळ्या बिजागऱ्या तपासल्या. एकजात कोरड्या होत्या. मी त्यांना तेल घातलं आणि विषय सोडला.

सातव्या आठवड्यात बुधवारी सासूबाईंची डोळ्यांची तपासणी निघाली. तारीख दोन महिन्यांपूर्वी मिळालेली. नवऱ्याने सुट्टी काढून त्यांना न्यायचं ठरलं. "मग तू आज मोठ्या बाईंना नाही म्हणून कळव," तो जाता जाता म्हणाला. "अट क्रमांक एक."

मी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. त्या दिवशीच्या बालवाडीत एक मुलगा लाकडी आगगाडीसाठी तीन आठवडे रांगेत होता आणि आज त्याची पाळी होती. मी लेकीला मागच्या सीटला पट्ट्याने बांधलं, ट्रेलर अंगणातच ठेवला आणि वेल्डरच्या दुकानात गेले. वाळूचं पोतं सीटवर ठेवलं तर ते प्रौढ व्यक्ती धरता येईल का, असा माझा विचार होता.

वेल्डरने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने एक फडकं घेतलं, रिक्षामागे बसला आणि नळीच्या खालच्या भागावरचं ग्रीस पुसलं. जाड थर होता. खाली एक गोल, स्वच्छ, कडा घासलेलं भोक होतं.

"हे कधी पाडलं?"

"दुसऱ्या आठवड्यात." तो फडकं घडी करत होता. "तुम्ही रिक्षा हवा भरायला ठेवून गेला होतात ना इथे, तेव्हा आजी आल्या होत्या. समोर उभं राहून पाडून घेतलं, स्वतः बोट घालून बघितलं. म्हणाल्या, मी काय कायमची आहे? एखाद्या दिवशी नसले तर पोरीचं काम अडायला नको. ग्रीस भरून ठेव, आणि तिला सांगू नकोस."

"मग सांगितलंत कसं?"

"वाळूचं पोतं त्यांच्या जागी बसलेलं त्यांना आवडलं नसतं."

मी पिन काढली, हूक खाली सरकवला आणि खालच्या भोकात पिन घातली. घरी येऊन ट्रेलर जोडला. लागला. त्या दिवशी मी अट क्रमांक एक आणि अट क्रमांक दोन अशा दोन्ही मोडल्या. नवऱ्याला अजून माहीत नाही, आणि तो विनोदी कथा वाचत नाही. आगगाडी त्या मुलाला मिळाली. ती घट्ट धरून तो उभा राहिला.

परत आल्यावर मी हूक वर सरकवला, पिन वरच्या भोकात घातली आणि खालचं भोक होतं तसं ग्रीसने भरलं.

संध्याकाळी सासूबाई डोळ्यांत औषध घातल्यामुळे खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या. लेक त्यांच्या मांडीवर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उद्यापर्यंत धूसर दिसेल.

"काय झालं आज?" त्यांनी विचारलं.

"गेले कशीबशी. गाडी नुसती मागे ओढत होती," मी म्हटलं. "तुमच्याशिवाय जमत नाही."

"हं."

बराच वेळ त्या नातीच्या पाठीवर थोपटत राहिल्या. मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली. समोरचं घड्याळही त्यांना दिसत नव्हतं.

"ते साबणाने जायचं नाही," त्या म्हणाल्या. "आधी तेल चोळ."

मी बाहीकडे पाहिलं. कोपरापर्यंत काळं झालं होतं.

"बिजागरीचं लागलं," मी म्हटलं.

"लागतं," सासूबाई म्हणाल्या. "आपल्या घराच्या बिजागऱ्याच तशा आहेत."

सकाळी खेळणी भरून मी रिक्षा ट्रेलरपुढे आणून उभी केली. सासूबाई नोंदवही काखेत घेऊन आल्या, चढल्या आणि सीटच्या मधोमध बसल्या. स्प्रिंगा करकरल्या, रिक्षा तीन बोटं खाली आली, आणि मी कडी हुकात सोडली.